खर्डा, दुसरा खर्डा आणि शब्दसंपत्ती: परकीय भाषा शिकणाऱ्यांना लेखनातून शब्द कसे मिळवून द्यावेत?

काना-मात्रा (धागाकर्ती)

परकीय भाषा शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या सर्वांसाठी हा धागा काढते आहे. विषय मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. विद्यार्थ्याने लिहिलेला मजकूर त्याच्याकडूनच पुन्हा लिहून घेताना त्याची शब्दसंपत्ती कशी वाढवता येईल, एवढाच प्रश्न इथे आहे. व्याकरण, शुद्धलेखन आणि निबंधाची बांधणी यांचे महत्त्व मला मान्य आहे, तरी चर्चा शब्दांपुरती राहावी अशी विनंती करते.

बहुतेक वर्गांत आधी शब्दांची यादी येते, मग अर्थ, मग प्रत्येक शब्दाचे एकेक वाक्य आणि सर्वांत शेवटी निबंध. यादी पाठ होते, चाचणीत गुणही मिळतात. निबंधात मात्र त्या यादीतले शब्द क्वचितच उतरतात. बतिया लाउफर यांनी इस्रायलमधील इंग्रजी शिकणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसले होते. एका वर्षाच्या शिक्षणाने मुलांना ओळखता येणारे शब्द चांगले वाढले, पण मोकळेपणाने लिहिताना ती स्वतःहून जे शब्द वापरत होती त्यांत प्रगती दिसली नाही. वाचताना शब्द ओळखणे आणि लिहिताना तो सुचणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि पहिली आली की दुसरी मागोमाग येतेच असे नाही.

कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांकडे पाहून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याच्याशी मिळताजुळता मुद्दा मांडला. ही मुले वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकत आणि वाचत होती, त्यांचे आकलन उत्तम होते, तरीही बोलण्या-लिहिण्यात ती बरीच मागे राहिली होती. ऐकताना किंवा वाचताना संदर्भावरून काम भागते. स्वतः मांडायची वेळ आली की आपल्याजवळ नेमके काय नाही हे कळते. ही उणीव जाणवण्याचा क्षण शब्द शिकण्यासाठी सर्वांत सुपीक असतो, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या खर्ड्याचे शब्दांच्या बाबतीतले काम हेच, की उणिवा कुठे आहेत ते विद्यार्थ्याला दिसावे. शब्द मिळवण्याचे काम पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्याच्या मधल्या काळात होते.

उदाहरण मराठीचेच घेते, म्हणजे सर्वांना पारखता येईल. मराठी शिकणाऱ्या एका परदेशी विद्यार्थ्याने घर बदलल्याच्या प्रसंगावर लिहिलेला पहिला खर्डा असा होता: 'मी नवीन घरात गेलो. सामान खूप होते. मित्रांनी मदत केली. एक कपाट मोठे होते, ते दारातून गेले नाही. आम्ही त्याचे भाग केले आणि आत नेले. एक आरसा खराब झाला. मला वाईट वाटले.'

यात व्याकरणाची चूक जवळजवळ नाही. लाल शाई घेऊन बसलेला शिक्षक 'छान' असा शेरा देऊन वही परत करेल, आणि तिथेच हा विद्यार्थी पुढे सरकायचा थांबेल. १९७४ मध्ये जॅकलिन शॅक्टर यांनी दाखवून दिले होते की शिकणारे लोक अवघड वाटणारी रचना टाळतात, आणि त्यामुळे त्यांच्या चुका कमी दिसतात. त्यांचा अभ्यास वाक्यरचनेचा होता, पण शब्दांच्या बाबतीतही हेच घडते. हा विद्यार्थी 'होणे', 'करणे', 'जाणे' आणि 'खूप' यांच्या आधाराने सुखरूप पलीकडे गेला आहे.

मी त्याला शब्द दिला नाही. समासात एकच प्रश्न लिहिला: 'आरशाला नेमके काय झाले? तुकडे झाले, रेघ उमटली, की काच धुरकट झाली?' त्याने रेघ उमटल्याचे सांगितले, कोश पाहिला आणि दुसऱ्या खर्ड्यात लिहिले, 'आरशाने तडा केला.' शब्द बरोबर सापडला होता, त्याची संगत मात्र चुकली होती. मग मी त्याला 'तडा' हा शब्द असलेली तीन-चार वाक्ये वाचायला दिली आणि शेजारी कोणते क्रियापद येते ते शोधायला सांगितले. तिसऱ्या वेळी त्याने 'आरशाला तडा गेला' असे लिहिले आणि त्याच ओघात कपाट 'दारात अडकले' व 'सुटे करून आत नेले' अशी आणखी दोन वाक्ये आपणहून सुधारली. पुढे एका वेगळ्याच विषयावर, दोन मित्रांच्या भांडणाबद्दल लिहिताना त्याने 'विश्वासाला तडा गेला' असे लिहिले. हा प्रयोग त्याला कोणी शिकवला नव्हता. वाचायला दिलेल्या वाक्यांपैकी एकात तो होता आणि त्याच्या लक्षात राहिला होता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की शिक्षकाने पहिल्या खर्ड्यात शब्द पुरवू नयेत, जागा दाखवाव्यात. जागा दाखवल्यावर विद्यार्थ्याला त्याचा अर्थ विचारावा, अर्थ स्पष्ट झाला की शोधायला लावावे, आणि सापडलेला शब्द वाक्यात बसतो की नाही याची पारख त्यानेच करावी. यान हुल्स्टाइन आणि लाउफर यांनी २००१ मध्ये गरज, शोध आणि पारख या तीन गोष्टींवरच आपली मांडणी उभी केली. समासात अर्थ दिलेला उतारा वाचणे, उतारा वाचून गाळलेल्या जागा भरणे आणि ठरावीक शब्द वापरून मजकूर लिहिणे, अशी तीन कामे त्यांनी नेदरलँड्स आणि इस्रायलमधील इंग्रजी शिकणाऱ्यांना वाटून दिली होती. शब्द सर्वाधिक लक्षात राहिले ते मजकूर लिहिणाऱ्यांच्या.

आपापल्या वर्गातला किंवा स्वतः शिकतानाचा अनुभव सविस्तर लिहावा. असहमती असेल तर ती आवर्जून मांडावी.

उपान्त्य

धागा महत्त्वाचा आहे आणि उदाहरण पटण्यासारखे आहे. परंतु संशोधनाची दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण केवळ लेखनाच्या भरवशावर शब्दसंपत्ती सोडली तर विद्यार्थ्यांचे नुकसान होईल अशी मला भीती वाटते.

हुल्स्टाइन आणि लाउफर यांच्या प्रयोगात मजकूर लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागला होता, हे विसरता कामा नये. पुढे २००६ मध्ये कीथ फोल्स यांनी इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही शब्दांसाठी गाळलेली जागा भरण्याचा एकच स्वाध्याय होता, काहींसाठी तसेच तीन स्वाध्याय होते आणि काही शब्द वापरून स्वतःचे वाक्य लिहायचे होते. सर्वाधिक टिकले ते तीन स्वाध्यायांमधून गेलेले शब्द. एक गाळलेली जागा आणि एक स्वतंत्र वाक्य यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. याचा अर्थ मी असा लावतो, की शब्द स्मरणातून किती वेळा बाहेर काढला जातो याचे मोल काम किती सखोल आहे याच्या मोलापेक्षा कमी नाही, कदाचित जास्तच आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. जो बारक्रॉफ्ट यांनी इंग्रजीभाषकांना स्पॅनिश शब्द शिकवताना असे पाहिले (२००४), की अगदी नवा शब्द पहिल्यांदाच भेटत असताना त्याचे वाक्य करायला लावले तर शब्दाचे रूप कमी लक्षात राहते. मनाची ताकद वाक्य जुळवण्यात खर्च होते आणि शब्दाच्या ध्वनीकडे व अक्षरांकडे लक्ष द्यायला ती उरत नाही. वर्गात 'हे आजचे दहा नवे शब्द, यांच्या आधारे परिच्छेद लिहा' असे सांगण्याची पद्धत सर्रास आहे. ती बंद व्हावी असे मला मनापासून वाटते.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याने 'तडा' हा शब्द आधी कधी ऐकला होता का, हे जाणून घ्यायला आवडेल. ऐकला असेल तर लेखनाने अर्धवट ओळखीचा शब्द पक्का केला असे म्हणता येईल. तो शब्द पूर्णपणे नवा असेल, तर मात्र तो शिकवला गेला आपण दिलेल्या त्या तीन-चार वाक्यांच्या वाचनाने.

काना-मात्रा (धागाकर्ती)

उपान्त्य, आपला प्रश्न नेमका आहे. त्याने शब्द ऐकला होता, पण तो वापरला कधीच नव्हता. अशा अर्धवट ओळखीच्या शब्दांसाठीच खर्डे सर्वांत उपयोगी पडतात, हे मान्य करते. परभाषा शिकणाऱ्याच्या डोक्यात असे शेकडो शब्द उंबरठ्यावर उभे असतात. वाचताना ओळखू येतात आणि लिहिताना हाक दिली तरी आत येत नाहीत. अगदी नवे शब्द वाचनातून आणि सरळ सरावातूनच यावेत.

फोल्स यांच्या निष्कर्षाबद्दल मात्र वेगळे मत नोंदवते. तिथे तुलना एका सुट्या वाक्याशी होती. एकच मजकूर तीनदा लिहिताना तोच शब्द तीनदा स्मरणातून काढावा लागतो, शिवाय दर वेळी त्याच्याभोवतीचे वाक्य थोडे वेगळे असते. अट एकच आहे, की दुसरा खर्डा पहिल्याकडे पाहून उतरवलेला नसावा. नुसते उतरवून काढण्यात स्मरणाला काही काम राहत नाही.

पूर्णविराम

मी शिक्षक नाही. नोकरी सांभाळून स्वतःच्या बळावर जर्मन शिकतो आहे, त्यामुळे समासात प्रश्न लिहिणारे कोणी माझ्याजवळ नाही. तरीही खर्ड्यांचा उपयोग मला फार झाला आहे, म्हणून माझी पद्धत मांडतो.

पहिला खर्डा मी कोश न उघडता, घड्याळ लावून, एका बैठकीत लिहितो. जिथे जर्मन शब्द सुचत नाही तिथे चौकटी कंसात मराठी शब्द तसाच टाकतो आणि पुढे जातो. सुरुवातीला प्रत्येक अडलेल्या शब्दापाशी थांबून कोश पाहण्याचा मोह होतो, पण त्याने विचाराचा धागा तुटतो आणि पानभर लिहायला संध्याकाळ जाते. कंस टाकल्यामुळे दोन फायदे होतात. लिहिण्याचा ओघ टिकतो, आणि मला जे म्हणायचे आहे ते सोपे करून, कापून-छाटून बदलण्याची गरज पडत नाही. शॅक्टर यांच्या संदर्भात ज्या पळवाटेचा उल्लेख वर आला, ती कंसामुळे बंद होते.

यानंतर मी त्याच विषयावर एखाद्या जर्मनभाषकाने लिहिलेला छोटा मजकूर शोधून वाचतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्वतःचे लेखन, मग वाचन. उलट केले तर मी केवळ कथानक वाचून मोकळा होतो. आपण स्वतः अडखळलेलो असलो, की त्याच जागेवर दुसऱ्याने काय लिहिले आहे तिकडे डोळे आपोआप वळतात. एकदा मला 'निर्णय घेतला' असे लिहायचे होते. 'एन्टशाइडुंग' हे नाम मला येत होते, पण त्याला जोडायला मी 'माखन' हे क्रियापद वापरले होते. वाचलेल्या मजकुरात त्याच्याबरोबर 'ट्रेफन' आले होते. ते वाक्य मी यापूर्वी कितीतरी वेळा वाचले असणार, पण लक्षात आले ते स्वतःचा चुकलेला खर्डा समोर असतानाच.

मग कंसातले शब्द शोधतो. केवळ अर्थ देणारा कोश इथे अपुरा पडतो. उदाहरणवाक्ये आणि शब्दांच्या जोड्या देणारा एकभाषिक कोश लागतो. वहीत नाम एकटे लिहीत नाही. त्याचे लिंगदर्शक उपपद, त्याला चालणारे क्रियापद आणि मी जिथे अडलो होतो ते माझे स्वतःचे वाक्य, असे तिन्ही एकत्र लिहितो. इतरांनी बनवलेल्या याद्यांपेक्षा ही वही मला अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यातला प्रत्येक शब्द मला कधीतरी खरोखर हवा होता.

दुसरा खर्डा लिहायच्या आधी पहिला मिटून ठेवतो, मध्ये काही दिवस जाऊ देतो आणि मग कोऱ्या पानावर आठवणीने लिहितो. उपान्त्य यांनी स्मरणातून शब्द बाहेर काढण्याचा जो मुद्दा मांडला, तो अशाने आपोआप साधला जातो. लिहून झाल्यावरच दोन्ही पाने शेजारी ठेवतो. जे शब्द दुसऱ्या पानावर पुन्हा निसटले, त्यांच्यावर तेवढ्यापुरती खूण करतो.

शब्दसखी

वरील सर्व प्रतिसाद आवडले. एका धोक्याकडे लक्ष वेधू इच्छिते, कारण पुनर्लेखनाचा आग्रह धरणाऱ्या वर्गांत तो हमखास दिसतो.

'शब्द सुधारा' एवढेच सांगितले, की विद्यार्थी समानार्थी शब्दांचा कोश काढून बसतो आणि साध्या शब्दाच्या जागी भारदस्त शब्द ठेवत जातो. काना-मात्रा यांच्या विद्यार्थ्यालाच जर 'मोठे हा शब्द बदल' असे सांगितले असते, तर त्याने 'भव्य कपाट', 'थोर कपाट' किंवा 'विशाल कपाट' असे काहीतरी लिहिले असते. कोशात हे सारे शब्द 'मोठे' याच्या शेजारीच बसलेले असतात, त्यामुळे दोष त्याचा नाही. खरे पाहता तिथे विशेषण बदलण्याची गरजच नव्हती. कपाट दारापेक्षा रुंद होते ही बाब सांगायची होती, आणि ती सांगायला 'दारात अडकले' हे क्रियापद पुरेसे होते.

नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी लेखक आणि अनुभवी लेखक यांच्या पुनर्लेखनाची तुलना केली होती. विद्यार्थ्यांच्या लेखी पुनर्लेखन म्हणजे शब्दाच्या जागी शब्द ठेवणे. अनुभवी लेखक मात्र आपल्याला काय म्हणायचे आहे याचाच पुन्हा शोध घेत होते आणि त्या शोधात शब्द बदलत होते. हा अभ्यास मातृभाषेतील लेखनाचा होता, पण परभाषेत ही खोड आणखी बळावते, कारण तिथे शब्दांचा आत्मविश्वास मुळातच कमी असतो.

म्हणून दुसऱ्या खर्ड्यापूर्वी मी विद्यार्थ्यांना शब्दांविषयी काहीच विचारत नाही. वाचकाला काय कळले नाही, कुठे चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले नाही, कोणती घटना फार घाईने उरकली आहे, असे प्रश्न विचारते. मजकूर वाढला की नव्या शब्दांची गरज आपोआप निर्माण होते. भांडणाचे वर्णन दोन ओळींवरून दहा ओळींवर गेले, की 'रागावला' या एका क्रियापदावर निभावत नाही. धुसफुसणे, खडसावणे, अबोला धरणे, समजूत काढणे असे कितीतरी शब्द लागतात, आणि त्यांतला प्रत्येक शब्द कथेतील एका विशिष्ट क्षणासाठीच लागतो. असा गरजेपोटी आलेला शब्द सहसा चुकीच्या जागी बसत नाही. शब्दांची बारीक पारख मी तिसऱ्या फेरीसाठी राखून ठेवते, आणि तेव्हाही एका मजकुरात तीन-चार जागांपेक्षा जास्त ठिकाणी हात लावत नाही.

साध्या शब्दांविषयी आणखी एक सांगते. जे वाक्य साध्या शब्दात नेमके आहे ते तसेच राहू द्यावे, आणि विद्यार्थ्याला तसे स्पष्ट सांगावे. नाहीतर साधे लिहिणे म्हणजे कमी लिहिणे अशी समजूत होते आणि परभाषेतील त्याचे लेखन कायमचे जड होऊन बसते.

विसर्ग

हे सारे वाचताना आनंद होतो, पण माझ्या एकेका वर्गात पन्नासच्या वर मुले असतात आणि अभ्यासक्रम परीक्षेला बांधलेला असतो. प्रत्येकाच्या प्रत्येक खर्ड्याच्या समासात विचारपूर्वक प्रश्न लिहिणे एका शिक्षकाला शक्य नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मोठ्या वर्गांत पुनर्लेखन रुजत नाही त्याचे कारण शिक्षकांची अनास्था हे नसून तपासणीचे ओझे हे आहे.

ओझे हलके करण्यासाठी मी दोन गोष्टी केल्या. सगळ्या चुका सुधारणे सोडून दिले. लेखी चुका सुधारून काही साधते की नाही यावर १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी व्याकरणाच्या बाबतीत जोरदार आक्षेप घेतला, डाना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिले आणि तो वाद पुढे बरीच वर्षे चालला. त्या वादातून मी स्वतःपुरते एवढेच घेतले, की पानभर लाल शाईतून मूल फारसे काही उचलत नाही. आता मी शब्दांसाठी दोनच खुणा वापरतो. शब्दाखाली नागमोडी रेघ म्हणजे 'शब्द चालेल, पण याहून नेमका शब्द आहे', आणि शब्दाभोवती वर्तुळ म्हणजे 'या शब्दाची शेजाऱ्याशी जोडी जमत नाही'. बाकी काही लिहीत नाही. खुणा करायला थोडा वेळ लागतो आणि विचार करण्याचे काम मुलांकडे राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे, एक खर्डा सगळ्या वर्गाचा असतो. एखाद्या विद्यार्थ्याचा परिच्छेद, त्याची परवानगी घेऊन आणि नाव न सांगता, मी फळ्यावर लिहितो. चार-चारचे गट त्यातली एकेक अडलेली जागा वाटून घेतात. प्रत्येक गट आपल्या जागेसाठी दोन-तीन पर्याय आणतो आणि त्यांतला एक का निवडला हे वर्गाला सांगतो. बोलण्यातला हा भाग लेखनाइतकाच मोलाचा आहे. 'हा शब्द माणसांसाठी वापरतात, वस्तूंसाठी नाही' किंवा 'हा बोलण्यात चालतो, अर्जात चालत नाही' असे जे नियम मुले एकमेकांना समजावून सांगतात, ते मी सांगितलेल्या नियमांपेक्षा पक्के बसतात. त्यानंतर प्रत्येकाने आपापल्या वहीत स्वतःचा परिच्छेद त्याच पद्धतीने पुन्हा लिहायचा असतो.

परीक्षेबद्दल एक सूचना आहे. शेवटच्या मजकुराबरोबरच पहिला खर्डाही जमा करायला लावावा आणि काही गुण दोहोंमधल्या फरकाला द्यावेत. गुण शेवटच्याच मजकुराला असले, की मुले सुरक्षित शब्द वापरतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

अर्धमात्रा

सध्या विद्यार्थी आपला खर्डा संगणकीय लेखनसाधनाला देतात आणि ते क्षणात सुधारलेला, शब्दसमृद्ध मजकूर परत देते. अशा काळात दुसऱ्या खर्ड्याला काही अर्थ उरला आहे का, यावर जाणकारांनी लिहावे.

काना-मात्रा (धागाकर्ती)

अर्धमात्रा, मजकूर चांगला व्हावा एवढाच हेतू असेल तर ते साधन काम करते. परंतु आपल्याला मजकुरापेक्षा लिहिणाऱ्याची भाषा सुधारायची आहे. गरज, शोध आणि पारख यांपैकी शोध आणि पारख दोन्ही यंत्राने केली, आणि उणीव जाणवण्यापूर्वीच ती भरून निघाली, तर विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ वाचन येते, तेही घाईचे.

साधनाला बंदी घालून प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. त्याला शिक्षकाचे काम द्यावे, लेखकाचे देऊ नये. 'माझा मजकूर सुधार' असे म्हणण्याऐवजी 'माझ्या मजकुरात शब्द मोघम आहेत अशा तीन जागा दाखव, पर्यायी शब्द सुचवू नकोस, मला प्रश्न विचार' असे सांगता येते. दुसरा खर्डा लिहून झाल्यावर आपण निवडलेल्या शब्दाची आणखी पाच वाक्ये मागून घेता येतात, आणि ती एखाद्या चांगल्या कोशाशी ताडून पाहता येतात. पूर्णविराम यांच्यासारख्या एकट्याने शिकणाऱ्यांना याचा मोठा आधार होऊ शकतो. साधनाने मजकूर पूर्णपणे नव्याने लिहून दिलाच असेल, तर तो दोनदा वाचावा, बाजूला ठेवावा आणि आठवणीने स्वतःचा खर्डा लिहावा. त्यात उतरलेले शब्द आपले झाले असे समजायला हरकत नाही.

विसर्ग यांच्या गुणांच्या सूचनेला पुष्टी देणारा एक अभ्यास इथे नोंदवते. जेम्स मन्सी यांनी २००२ मध्ये विद्यार्थ्यांच्या खर्ड्यांतील शब्दांची वारंवारतेनुसार विभागणी करून तुलना केली होती. शेवटच्या खर्ड्यांमध्ये नेहमीच्या शब्दांपलीकडच्या शब्दांचे प्रमाण पहिल्या खर्ड्यांपेक्षा जास्त आढळले. विभागणीची ही पद्धत लाउफर आणि पॉल नेशन यांनी १९९५ मध्ये मांडली होती, आणि तिच्या धर्तीवर काम करणारी मोफत साधने इंग्रजीसाठी आज उपलब्ध आहेत. अर्थात दुर्मीळ शब्द वाढले म्हणजे लेखन सुधारले असे नव्हे. शब्दसखी यांनी सांगितलेला धोका तिथेही आहेच. म्हणून ही मोजणी शिक्षकाने आपल्यापुरती ठेवावी, विद्यार्थ्याला तिच्या मागे लावू नये.

रफार

मी अगदी नवशिक्या प्रौढांना शिकवते. त्यांच्याजवळ दोन-तीनशे शब्दसुद्धा नसतात. त्यांच्यासाठी खर्डा आणि पुनर्लेखन ही पद्धत लागू पडते का? माझ्या सहकाऱ्यांचे मत आहे, की पुरेसे शब्द आल्याशिवाय लेखनाला हात घालू नये.

शब्दसखी

रफार, पहिल्या महिन्यापासून लागू पडते, फक्त मजकूर तीन वाक्यांचा असावा आणि पुनर्लेखन म्हणजे वाढवणे असावे. 'मी सकाळी उठते. मी चहा पिते. मी कामाला जाते.' एवढ्यावर सुरुवात करावी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: केव्हा, कोणाबरोबर, कशाने, कशी? 'मी सकाळी उशिरा उठते', 'मी घाईघाईत चहा पिते', 'मी बसने कामाला जाते' अशी वाक्ये येतात आणि प्रत्येकीला एकेक शब्द मिळतो. तिसऱ्या फेरीत तीच तीन वाक्ये कालच्या दिवसाबद्दल लिहावीत, चौथ्या फेरीत शेजारी बसलेल्या व्यक्तीबद्दल तिला विचारून लिहावीत. शब्द तेच राहतात, रूपे बदलतात, आणि उपान्त्य म्हणतात ती पुनरावृत्ती कंटाळा न येता होते.

नवशिक्यांसाठी नवे शब्द आधी ऐकवावेत, उच्चारून घ्यावेत, चित्राशी किंवा कृतीशी जोडावेत आणि लेखनात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मागावेत; बारक्रॉफ्ट यांचा इशारा या पातळीवर सर्वाधिक लागू आहे. मातृभाषेतील शब्द कंसात टाकायची मुभा त्यांना जरूर द्यावी. वर्ग संपल्यावर सगळ्यांच्या कंसांमधले शब्द एकत्र करून पाहिले, तर पुढच्या आठवड्यात कोणते शब्द शिकवायचे हे ठरवायला पाठ्यपुस्तकातल्या यादीपेक्षा तो संग्रह कितीतरी अधिक उपयोगी पडतो, कारण पाच-सहा जणांच्या कंसांत एकच शब्द आलेला असतो.

रफार

धन्यवाद, शब्दसखी. कंसांतले शब्द गोळा करण्याची सूचना फारच उपयुक्त वाटते. सोमवारी नवी तुकडी सुरू होते आहे. वाढवत नेण्याची तीन वाक्ये आणि कंस या दोन्ही गोष्टी तिच्यापासूनच सुरू करते, आणि कोणते शब्द वारंवार येतात ते या धाग्यावर नोंदवत जाईन.